सातव्या फ्रेटची खरखर

आत्या : छान म्हणजे काय? छान कापडाला म्हणतात, पाहुण्यांच्या बाळाला म्हणतात. बास गिटारची नेक छान आहे असं छापलं, तर वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं? खोड ते.

भाची : खोडलं. मग काय लिहू?

आत्या : नेक, म्हणजे तारांखालची दांडी, बारीक आहे, मागून जराशी सपाट. लहान हाताला पहिल्या फ्रेटपर्यंत ताण न पडता पोचता येतं. फ्रेटच्या पट्ट्यांची टोकं नीट घासलीत, बोटाला ओरखडत नाहीत. वजन किती भरलं?

भाची : चार किलो शंभर. बाथरूममधल्या काट्यावर आधी मी एकटी उभी राहिले, मग बास घेऊन. त्यात माझंही वजन कळलं, ते छापायचं नाहीये.

आत्या : तुझं कोण विचारतंय. लिही, दोन तास उभं राहून वाजवलं तर खांदा बोलायला लागेल. आणि हे बघ, पट्टा लावून हात सोडला की नेक खाली झुकते. म्हणजे डाव्या हाताने वाजवायचं की भार सांभाळायचा? हे वरच घे, शेवटी दडवू नकोस.

भाची : एवढं वाईट आहे का? किमतीच्या मानाने बरी वाटतेय.

आत्या : किमतीच्या मानाने बरीच आहे. पण मासिकातलं आपलं पान कोण वाचतं? स्वस्तातली वाजवून कंटाळलेली आणि महागाची न परवडणारी माणसं. दुकानात गेली की बिचारी दहा मिनिटांत ओशाळतात. एक सूर वाजवतात, मान डोलावतात आणि घेऊन येतात. त्यांच्या वतीने दोन तास आपण वाजवायची.

भाची : हे मी शाळेत असल्यापासून ऐकतेय.

आत्या : मग आता पाठ झालं असेल. केबल लाव. सगळे नॉब मधोमध ठेव, अ‍ॅम्पला हात लावू नकोस. मी जाड तारेवर खालून वर जाते, तू टाइप कर.

भाची : चालू आहे. रेकॉर्डिंगही चालू आहे.

आत्या : एक... तीन... पाच... सात... नऊ... बारा. झालं. लिही, तारा बऱ्याच खाली बसवलेल्या असूनही कुठल्याही फ्रेटवर खरखर नाही. कारखान्यातून आलेल्या वाद्यात एवढी सफाई क्वचित दिसते. लिहिलंस?

भाची : अं... परत एकदा वाजवतेस का? सातवा फक्त.

आत्या : सातव्याला काय झालं?

भाची : वाजव तर.

आत्या : घे. मोकळा, स्वच्छ.

भाची : अजून एकदा. जरा जोरात.

आत्या : अगं, काय पोलीस चौकशी चाललीय? बोल की.

भाची : खरखरतोय, आत्या. तार पुढच्या फ्रेटला घासतेय. पाच ठीक आहे, नऊ ठीक आहे, सातवर स्पष्ट येतंय.

आत्या : केबल असेल.

भाची : केबलची खरखर प्रत्येक फ्रेटला येईल.

आत्या : मग अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा. जुना झालाय तो.

भाची : मी हेडफोनवर ऐकतेय, अ‍ॅम्पवर नाही. हे घे, तूच लाव. आत्ताचंच रेकॉर्डिंग लावते. ऐक.

आत्या : (हेडफोन कानांवर दाबून धरते.)

भाची : आलं?

आत्या : परत लाव.

भाची : आलं का?

आत्या : नाही.

भाची : काहीच नाही?

आत्या : सूर येतोय. तू म्हणतेस ते येत नाहीये. काढ हे कानावरचं, घाम येतो.

भाची : आत्या, मला एक सांगायचंय. मासिकातून पत्र आलंय. दोन आठवडे झाले. मी तुला दाखवलं नाही.

आत्या : कुणाचं पत्र?

भाची : एका शाळेतल्या संगीताच्या बाई आहेत. मागच्या महिन्यात आपण ती निळी बास लिहिली होती ना, तू म्हणालीस 'अगदी शांत, हात तारांवरून उचलले तरी तारांखालच्या पिकअपमधून काही येत नाही.' त्यांनी तेवढ्यावर विश्वास ठेवून शाळेसाठी घेतली. मुलांच्या कार्यक्रमात पहिल्यापासून शेवटपर्यंत सूंऽऽ आवाज. त्यांनी लिहिलंय, 'मी तुमचं पान पंधरा वर्षं वाचते, तुमचं चुकणार नाही म्हणून दुकानात लावूनही पाहिली नाही.'

आत्या : लावूनही पाहिली नाही.

भाची : हो.

आत्या : आणि तू दोन आठवडे बसलीस हे घेऊन?

भाची : कारण अर्धी चूक माझी आहे. ते सूंऽऽ माझ्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. मला वाटलं तुझ्या या खोलीतल्या वायरिंगचा दोष आहे. तू शांत म्हणालीस म्हणजे बास शांतच असणार. मग मी बसून तो आवाज काढून टाकला आणि साफ केलेलं रेकॉर्डिंग मासिकाच्या वेबसाइटसाठी पाठवलं. त्या बाईंनी तेही ऐकलं होतं.

आत्या : तू आवाज पुसलास?

भाची : तू चुकशील असं माझ्या डोक्यातच आलं नाही गं.

आत्या : गाढव आहेस.

भाची : आहे.

आत्या : मीही आहे. बस खाली, उभी काय राहिलीस. दोन वर्षं झाली त्याला.

भाची : कशाला?

आत्या : कानाला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. इथपर्यंत सरळ आणि मग घसरगुंडी. जाड आवाज सगळे येतात. बारीक होते ते गेले. दाराची बेल ऐकू येते, मोबाईल वाजलेला कळत नाही. बावीस वर्षं ड्रमसेटच्या उजव्या बाजूला उभी होते, झांज कानापासून हातभर लांब. नवरा सोडला, त्याच्या झांजा काही सुटल्या नाहीत.

भाची : काका ड्रम वाजवायचे हे मी विसरलेच होते.

आत्या : मी नाही विसरले.

भाची : दोन वर्षं एकटीने काढलीस? मला का नाही बोललीस?

आत्या : भीती वाटली, दुसरं काय. कान गेले तर पान जाणार. पान गेलं तर महिन्यातून एकदा पिशवी, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं घेऊन माझ्या दारात कोण येणार? तू येतेस ती पानासाठी.

भाची : पानासाठी? आत्या, मला त्याचे जेवढे मिळतात त्यात माझं रिक्षाभाडंही सुटत नाही.

आत्या : मग कशाला येतेस?

भाची : शिव्या खायला. घरी कुणी देत नाही.

आत्या : चहा ठेवू?

भाची : आधी हे संपवू. उद्या सकाळी त्यांना मजकूर पाहिजे.

आत्या : मग केबल काढ. अ‍ॅम्प बंद कर. आता मी माझ्या पद्धतीने बघते.

भाची : म्हणजे ते बासच्या लाकडी अंगाच्या वरच्या शिंगावर जबडा टेकवून? मला वाटायचं ते तुझं लोकांना दाखवायला आहे.

आत्या : दाखवायला कोण आहे इथे? लाकडातलं सगळं हाडातून येतं. त्याला कान लागत नाहीत. गप्प बस आता. बारीक तारेवर जाते. चार... पाच... सहा... हं. परत. पाच... सहा. हा सूर मेलेला आहे.

भाची : कुठला? मला तर दोन्ही सारखेच वाटले.

आत्या : सुरुवात सारखीच आहे. शेवट बघ. घड्याळ लाव आणि कान देऊन ऐक. हा पाचवा.

भाची : ...नऊ सेकंद. अजून थोडा आहे... दहा.

आत्या : आणि हा सहावा.

भाची : अरेच्चा! तीन. तीन सेकंदांत संपला.

आत्या : लाकडाने गिळला. लांबलेला सूर धरायला गेलं की हातातून निसटणार. हे फ्रेटची पट्टी घासून जात नाही, नेकच्या लाकडात असतं. सातव्याची खरखर मात्र दुकानदाराकडून काढून घेता येते, अर्ध्या तासाचं काम आहे. म्हणजे जे मला कळलं नाही ते दुरुस्त होतं, आणि जे तुला कळलं नाही ते होत नाही.

भाची : म्हणजे दोघींनी मिळून बघायला हवं.

आत्या : ते नंतर. आधी मागच्या महिन्याचं. घे लिहून. चौकट कर आणि पानाच्या डोक्यावर टाक. 'मागील अंकात निळ्या बासविषयी मी लिहिलं की ती शांत आहे. ती शांत नाही. तिच्यातून सतत बारीक आवाज येतो. मला दोन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि हे मी वाचकांना सांगितलं नव्हतं.'

भाची : एवढं सगळं?

आत्या : एवढंच आहे. खाली माझी सही.

भाची : मग मी पुढे लिहिते. 'सोबतच्या रेकॉर्डिंगमधला तो आवाज मी काढून टाकला होता. मूळ रेकॉर्डिंग आता वेबसाइटवर लावलं आहे.' खाली माझी.

आत्या : त्या बाईंना वेगळं पत्र पाठवू. शाळेचा पत्ता दे. त्या पिकअपवर तांब्याची पट्टी चिकटवून घेतली तर आवाज निम्मा होईल. मीच जाऊन करून येईन, हाताला काही झालेलं नाही.

भाची : मी येते सोबत. कमी झाला की नाही ते सांगायला कुणीतरी लागेल.

आत्या : हो, तेही आहेच. आता या बासचं काय राहिलं?

भाची : एकच रकाना. बारीक तारेचा वरचा आवाज.

आत्या : तो तुझा. केबल लाव, सूर मी वाजवते, तू सांग. आणि छान चालणार नाही.

भाची : मला तुझ्यासारखं नाही जमत गं.

आत्या : माझं तरी कुठे जमलं? सांग.

भाची : थांब हं... धारदार आहे. नवी कात्री कापडात शिरताना पहिल्यांदा येतो ना, तसा. पण टोचत नाही.

आत्या : पुढे?

भाची : पुढे पातळ होतो. बाराव्याच्या वर तर स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावर ठेवावं तसा, आवाज आहे पण पोटात काही नाही. टोनचा नॉब अर्धा खाली घेतला की पोट येतं. आणि तुझं बोट तारेवरून सरकतं त्याची बारीक सळसळ येते, नोटा मोजताना येते तशी. ती मला आवडली. ती मी या वेळी पुसणार नाही.

आत्या : माझ्या बोटाची?

भाची : हो. प्रत्येक वेळी येते. आत्ताही आली.

(आत्या बोट तारेवरून पुन्हा एकदा सरकवते.)

भाची : असं लिहू का? बरं आहे?

आत्या : छान आहे.