कुलूप बाहेरून

—नाही, तिथे नको, इकडे ये, एक नंबरच्या खुर्चीवर बस. तीन नंबर तुझीच व्हायचीय, तिच्यावर बसायला जन्म पडलाय, पण आज पाहुणी आहेस — आणि तिच्या मागच्या भिंतीपलीकडे जनरेटर आहे, लाइट गेली की पाठीला थरथर लागते. ओढणी दे इकडे. फोन ठेव तिथे आरशापुढे, मांडीवर केस पडतील. मान सरळ. अगं समता, टोकं किती फाटलीत तुझी, गाझियाबादचं पाणी म्हणायचं की आळस? तुझे बाबा मराठी मंडळात भेटले तेव्हा म्हणाले, प्रमोदिनीताई, पोरीने कोर्स केलाय, हात हलका आहे, पार्लरवाल्या नुसतं राबवून घेतात, तुमच्याकडे काही बघा. मी म्हटलं, भाऊराव, माझ्याकडे नोकरी नाही, खुर्ची आहे. तर म्हणाले, ताई, आमच्या ऑफिसात सगळे तिच्याच मागे आहेत. — हस, हस, फक्त मान हलवू नकोस. इंचभर काढते. मागे त्या भाटिया मॅडम आहेत, त्यांची काळजी नको, डोक्याला रंग, दोन्ही हातांना मेंदी, कानात गाणी आणि मराठी शून्य. परवा करवा चौथ. आजपासून बायका अशाच हात वर धरून बसणार, जणू कुणी बंदूक रोखलीय.

तर इथली पद्धत समजून घे. ही कोठी, म्हणजे अख्खा बंगला, नीरजजींची, वर ते राहतात, खाली हे तळघर. नकाशात तळघर म्हणजे सामान ठेवायची जागा. त्यांनी आरसे लावले, करोल बागेतून तीन खुर्च्या आणल्या आणि प्रत्येक खुर्ची वेगळी भाड्याने दिली. कात्री तुझी, ड्रायर तुझा, गिऱ्हाईक तुझं, आजारी पडलीस तर आजारपणही तुझं. एक कागद आहे सहीचा, इंग्रजीत, त्यात लिहिलंय की इथे कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही, सगळ्या स्वतंत्र व्यावसायिक. नीरजजी हात जोडून सांगतात, ‘आप तो अपनी मालिक खुद हैं, मैडम.’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच सांगते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरात काढली, केर काढण्यापासून सुरुवात केली, मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. त्या कागदाचा खरा उपयोग नंतर कळला. पोलिसांनी विचारलं ना, ही बाई कुणाकडे कामाला होती — तर कुणाकडेच नाही. नीरजजींनी कागद पुढे केला. तिची मालकीण तीच. विषय संपला. — कोण ती? सांगते, घाई काय. खाली बघ जरा.

सीलिंगचं वाचलं असशील पेपरात. कोर्टाचा हुकूम, राहत्या वस्तीत दुकान नको. बरोबर आहे, कायदा आहे, मी कुठे नाही म्हणते. पण वीस वर्षं इथे दुकानं उघडत होती तेव्हा कायदा कुठे होता? ज्यांनी डोळे मिटून सह्या केल्या त्यांच्या दारावर एक सील दाखव मला. एक दाखव. तिकडे नव्या वस्त्यांत काचेचे मॉल उठलेत, गुळगुळीत पार्लरं, दारात सलाम ठोकणारा दरवान, तिथली जागा आपल्याला सात जन्मांत परवडायची नाही — आणि सील कुणाला, तर शिंप्याला, दातांच्या डॉक्टरला आणि मला. जाऊ दे, माझं डोकं तापतं आणि मग कात्री वाकडी जाते. तर महापालिकेची जीप येते. कधी महिनाभर येत नाही, कधी आठवड्यात दोनदा. उघडं शटर दिसलं, आत गिऱ्हाईक दिसलं की लाखेचा लाल शिक्का, मग फिरा कोर्टात. पण बाहेरून कुलूप दिसलं की पुढे जातात, बंद जागेसाठी कोण खाली उतरणार. म्हणून या अख्ख्या रांगेची एकच युक्ती आहे — एकीने बाहेर जायचं, शटर ओढायचं, बाहेरून कुलूप घालायचं आणि समोर रसाच्या गाडीवर जाऊन गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं. आतल्यांनी आवाज न करता काम चालू ठेवायचं. जीप गेली की उघडायचं. रसवाला शीळ घालतो, जीप वळणावर दिसली की. एवढं सोपं आहे.

आणि खरं सांगू, मला त्यासाठीच माणूस पाहिजे. खुर्चीला काय, दहाजणी मिळतील. कुलपाला माणूस मिळत नाही. पूर्वी मीच जायचे बाहेर, पण गेल्या वर्षापासून त्यांना माझं तोंड पाठ झालंय, मी रस पिताना दिसले की ते थेट इथे येऊन शटर ठोकतील. दोन नंबरवर लता आहे, आज आली नाही, आणि ती अशी घाबरट की जीप बघून किल्लीच हातातून पडते. तू कशी आहेस? घाबरत नाहीस ना? फोन आला तर लगेच उचलतेस ना? — नाही, सहज विचारलं. मिस्ड कॉल असला तरी उचलायचा. माझा नियम आहे तो. आता आहे.

बरं, ती वीणा. अकोल्याची. नवरा बळवंत, फरिदाबादला कारखान्यात. तीन नंबर तिची होती, पाच वर्षं. हात असा की बायका कापून घेता घेता झोपायच्या. गेल्या करवा चौथला गेली. उपास होता, निर्जळी, पहाटे खाल्लं की चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. दुपारी चक्कर आली, पडली. तेच लिहिलंय सगळीकडे. आपल्यात नसतो हा उपास, पण इथे राहून तिने धरला होता, नवऱ्यासाठी — मीच सांगितलं पोलिसांना. बळवंतही तेच सांगतो आता सगळ्यांना, माझ्यासाठी उपाशी गेली माझी बायको. परवा तो स्वतः उपास धरणार आहे म्हणे, पुरुष असून. माझ्या पाया पडला होता तेव्हा. म्हणाला, शेवटी तुम्ही होतात तिच्याजवळ. मी पाय मागे घेतले. — नाही, होतेच ना मी जवळ. समोर तर होते, रस्त्यापलीकडे.

तुला ते सगळं माहीत पाहिजे, कुलपाचं काम घेणार आहेस तर. त्या दिवशी सकाळी आठलाच आम्ही डबा उघडला, कारण नंतर कुठला वेळ मिळायला — मी पोहे केले होते, तिला शेंगदाण्यांची भारी हौस, माझ्या वाट्याचेसुद्धा वेचून खायची. मग बारापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही. बाराला लाइट गेली, जनरेटर लागला, आणि पाठोपाठ शीळ. मी बाहेर, शटर खाली, कुलूप. आत वीणा आणि दोन गिऱ्हाइकं, लता तेव्हाही आली नव्हती. आणि जीप थांबली कुठे, तर रसाच्या गाडीशी, माझ्या शेजारी. चौघं उतरले, मोसंबीचा रस सांगितला, गप्पा मारायला लागले. एकजण मला म्हणतो, ‘आज छुट्टी, मैडम?’ मी म्हटलं, ‘जी, त्योहार है.’ आणि फोन वाजला. आमची खूण होती, एक रिंग म्हणजे ‘गेले का?’ मी कापला. परत वाजला, परत कापला. सात वेळा. आठव्यांदा उचलला, त्यांच्याकडे पाठ करून, तर म्हणते, ताई, डोकं फार जड झालंय, या दोघीपण पेंगताहेत, उघडा ना. मी म्हटलं, अगं उपासाने होतं असं, पाच मिनिटं कळ काढ, हे समोरच उभे आहेत —

काय झालं? मान का फिरवलीस? कात्री आहे माझ्या हातात.

पोहे? हो, पोहे. मग? — म्हणजे उपास त्या दोघींचा होता, गिऱ्हाइकांचा. मी त्यांच्याबद्दल बोलले फोनवर. त्यांच्याबद्दल... बरं. बरं बाई. नव्हता तिचा उपास. पोहे खाल्ले होते, वर चहा घेतला होता. तिला चक्कर यायचं काही कारण नव्हतं, आणि हे अख्ख्या दिल्लीत एका बाईला माहीत होतं, आणि ती बाई रसाचा ग्लास हातात धरून उभी होती. चाळीस मिनिटं. रस मी सगळा प्यायले, समता. काय करणार, समोर बघत होते ते. किल्ली इथे होती, ब्लाउजमध्ये, टोचत होती.

जनरेटरपाशी झरोका आहे. म्हणजे होता. आवाज बाहेर जातो म्हणून तिथे प्लायवुडची फळी ठोकायला सांगितली — कुणी? मीच सांगितली, दुसऱ्या कुणाला सुचणार. मग जनरेटरचा धूर बाहेर जायचा तो इकडे आत आला, आणि तो दिसत नाही गं. वासही फार नाही, पेट्रोलचा येतो तेवढाच, आणि इथे अमोनियात नाकं मेलेली सगळ्यांची. उघडलं तेव्हा त्या दोघी शटरच्या फटीशी पडल्या होत्या, ओकल्या होत्या, पण वाचल्या. शुद्धीवर आल्या तर आपणहून म्हणतात, व्रत की वजह से. वीणा तीन नंबरवर बसली होती. कंगवा हातात. गाल असे गुलाबी, की मला वाटलं कुणी सजवलंय तिला. नीरजजी वरून आले, आधी जनरेटर बंद केला, मग फळी उपटून गाडीच्या डिकीत ठेवली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘मैडम, व्रत तो आज सबका था.’ एवढंच. त्यात खोटं काय होतं? मी हो म्हटलं. नाहीतर पुढचा प्रश्न काय आला असता — कुलूप कुणी लावलं? कुणी म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाने. माझी सही आहे त्या कागदावर, नीरजजींची कुठेच नाही. — फळी? बसवली की परत. आवाज जातो ना बाहेर. पण दोन भोकं पाडून घेतलीत मी, चांगली एवढी-एवढी.

अशी बघू नकोस माझ्याकडे आरशातून. तुझ्या वयात मलाही वाटायचं, मी असते तर धावत जाऊन उघडलं असतं. उघडलं असतं तर त्याच दिवशी तिघींच्या खुर्च्या गेल्या असत्या, वीणाची पण. तिनेच मला शिव्या घातल्या असत्या. — नसत्या घातल्या, म्हणतेस? तू ओळखत होतीस का तिला?

हे घ्या. गेली लाइट. थांब, वर नीरजजी चालू करतील — झालं चालू. बघ, भिंत कशी थरथरते. भाटिया मैडम, बैठे रहिए, पंद्रह मिनट और.

शीळ. ऐकलीस? शीळच आहे ती. ऊठ, चल, ऊठ. डावी बाजू राहिली, नंतर करू, ओढणी डोक्यावरून घे म्हणजे कळायचं नाही. ही किल्ली, हे कुलूप. मी कशी येऊ बाहेर, मला ओळखतात म्हटलं ना, आणि या बाईच्या डोक्यावर रंग, दोन्ही हात ओले, हिला काय रस्त्यात उभी करू? तू जा. नवी आहेस, तुला कोण ओळखतंय. सही नंतर करू, खुर्ची तुझी झाली समज. जा म्हटलं ना. ओढ खाली — जोराने, अडकतं मध्ये — हां. पाय लाव त्याला. कुलूप बसलं? वाजलं, मला ऐकू आलं. शाबास.

समता. अजून दाराशीच आहेस ना? हळू बोलते. जीप कुठे थांबली? पुढे गेली की इथेच? बोलू नकोस, एकदा खोक. — खोकलीस का? जनरेटरमुळे काही कळत नाही. बरं, जा मग, गाडीवर जा, रस घे. आणि मघाशी बोलले ते तुझ्याजवळच राहू दे. बाबांना नको सांगू. बळवंतला तर तू ओळखतही नाहीस. ओळखतेस? — नाही ना?

थांब, मी रिंग देते, म्हणजे माझा नंबर येईल तुझ्याकडे. एकच रिंग. उचल हं.

वाजतोय. — इकडेच वाजतोय. अगं बाई, तुझा फोन तर इथे आहे, आरशापुढे.

समता?

भाटिया मैडम. मैडम, ज़रा उठिए तो. मैडम.

समता, गेली असेल गं जीप एव्हाना. बघ ना जरा. मी काही म्हणत नाही, पाच मिनिटं थांबायचं तर थांब... फक्त आहेस का तेवढं सांग. शटर ठोक एकदा.

समता. माझा उपास नाहीये आज. मी जेवून आलेय.