शून्य पूर्णांक तीन किडे

माझ्या चहाटळपणानं शेतकरी जयरामभाऊचं धान गेलं, ते आज सांगूनच टाकतो.

वारासिवनीकडं शेतकी साहेब औषध मारून धानावरचे किडे मोजत. मी त्यांचा चपराशी. एका बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, दोन किडे, दुसरीत दोनशे, म्हणून साहेब आकड्यांचे लॉग काढून हिशेब करत. औषध मारलेल्या अन् न मारलेल्या बांध्यांत कागदावर फरक निघाला शून्य पूर्णांक तीन. मी शेतकऱ्यांच्या भर बैठकीत ओरडलो, "औषधानं पाव किडा मेला हो!"

सारे खदखदले. साहेब सांगत होते, "अरे, तो लॉगमधला फरक! उलटा फिरवला तर किडे निम्मे झाले." ऐकतो कोण? जयरामभाऊनं औषधाची डबी परत केली.

दिवाळीले त्याच्या बांधीत किड्यांनी दाणा ठेवला नाही, नुसतं तणीस, वाळला पेंढा. मी माफी मागाले गेलो, तर म्हणे, "धान गेलं ते साहेबाले सांगू नको बाप्पा. त्याचं ऐकलं नाही, मलेच लाज वाटून राह्यली."