वासंती मॅडमचं लॉगिन

सिल्व्हर पार्कच्या बसची रांग काही हलत नव्हती. माझ्या पुढे दोघी: एक रिटायर झालेली, दुसरी तिच्या जागी लागलेली.

“वासंती मॅडम, कस्टमरच्या सॉफ्टवेअरमध्ये मी अजून तुमच्याच नावाने जाते.”

“अगं पंचशीला, तुझं नाव नाही टाकलं?”

“लायसन्स चारच नावांचं ना! साहेब म्हणतात, वासंतीचं चालतंय, तेच चालू दे.”

“आणि माझे कस्टमर?”

“फोनवर तुम्हालाच विचारतात. मी म्हणते, हो, वासंतीच बोलतेय.”

“भारीच आहेस! पासवर्ड?”

“तोही तुमचाच. सकाळी आल्या आल्या ‘पिंटू’ टाइप करते. बदलू का?”

“नको गं. घरी आता लेकाला पिंटू म्हटलं की चिडतो. म्हणतो, नीरज म्हण. तू तरी रोज हाक मारत जा त्याला.”