लाल बटण म्हणजे उडी

हॅलो?… हो, मीच, शिनोबू. आपल्या बाबांच्या ह्या गेमच्या दुकानात दुसरं कोण असणार?… काय? राजीनामा? उद्या? अगं मित्सुए, थांब, आधी ऐक ना माझं!

कोण म्हणतं नवे लोक येतायत?… कन्सोलच्या कंपनीचा माणूस? तो गोड बोलायचाच पगार घेतो. म्हणे, "ताई, नवा कन्सोल घ्यायला बायका येतायत, म्हातारी माणसं येतायत!" येतायत ना, मी कुठे नाही म्हणते? पण कोणाच्या सांगण्यावरून, ते विचार.

हो, हो… कन्सोल मोजकेच आले, म्हणून रविवारी सोडत काढली. माणशी एकच चिठ्ठी. मग काय, वर्षानुवर्षं हेच खेळणारे आपले जुने गडी आई, सासू, मावशी, सगळ्यांना रांगेत उभं करून मोकळे!… कसं कळलं? अगं, एका आजींना विचारलं, कोणता गेम खेळणार? त्यांनी तळहात उघडला आणि त्यावर लिहिलेलं नाव वाचून दाखवलं!… हसू नकोस. ह्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर ओसाकाची नोकरी सोडून हिमेजीला येणार तू? तेच ते पंधरा-वीस जण. त्यांच्यावर दुकान नाही चालत. मार्चमध्ये कुलूप लावायचं ठरलंय ना आपलं?

कोण, हामासाकी काकू? त्यांचं तर नावच काढू नकोस. त्यांचा दाइगो पक्का जुना खेळाडू. टोक्योहून त्यानेच आईला रांगेत पाठवलं असणार… माहितीय गं, कितीतरी वर्षांत घरी फिरकला नाही. फोन तर करता येतो ना?

अगं बाई, त्याच आल्या बघ! हातात कन्सोलची पिशवी. परत करायला आल्या असतील, नाहीतर चढ्या भावात विकायला… या, या काकू! काय झालं?… मित्सुए, एक मिनिट हं. ठेवू नकोस.

…आहेस ना? हळू बोलतेय मी. खेळून खेळून काकूंच्या अंगठ्याला चिकटपट्टी लागलीय. कंट्रोलरच्या बटणावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. लाल म्हणजे उडी… नाही गं, दाइगोला पत्ताच नाही! म्हणाल्या, पोरगा दार लावून एवढं काय खेळायचा, ते बघायचं होतं… हो, मलाही कसंतरीच झालं. उगाच संशय घेतला बाईवर.

आता अडल्यात. गेममधलं पुढचं दार दोघांनी मिळून उघडायचं असतं म्हणे. विचारतायत, दुकानात सोबत खेळायला कोणी आहे का…

हो, एकच. एकच नवं गिऱ्हाईक. एवढ्यावर नोकरी सोडतं का कोणी?… मित्सुए? रडतेस की काय?

बरं, ऐक. राजीनामा फाडू नकोस, देऊही नकोस. शनिवारी ये, मग बघू. दुकानाला कुलूप लावायचं मीही जागामालकाला इतक्यात कळवत नाही… हो, मीच म्हणतेय.

चल, ठेवते. काकूंनी दुसरा कंट्रोलर माझ्याच हातात दिलाय… अगं, मी कुठे खेळलेय कधी? जन्मभर नुसती विकत आले… काय म्हणालीस?… हो गं. नवी गिऱ्हाइकं दोन झाली.