चढावरचा तिसरा गिअर

...गाडीला काऽही झालेलं नाही, अहो! तुम्ही बंद पाडलीत तिला, आणि तीही पुन्हा. हँडब्रेक ओढा आधी—ओढा, मागे घसरतोय आपण! हं. मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे, त्याच्या बापाचा रस्ता आहे का? आणि दर वेळी मला काय विचारता, उजवीकडे मोकळं आहे का म्हणून? देवाने तुम्हालाही डोळे दिलेत ना? शंभर हॉर्सपॉवर, शंभर हॉर्सपॉवर—गाडी घेतल्यापासून गल्लीभर मिरवताय. मग कुठे गेले ते घोडे? चरायला? अहो, इंजिन जोरात फिरायला लागलं की मग जमतात ते! चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, रांगत्या गाडीला त्यातले दहासुद्धा मिळत नाहीत. इथे टॉर्क लागतो—पीळ! बरणीचं झाकण घट्ट बसलं की मनगटाला लागतो ना, तो. तासाभरात किती बरण्या उघडल्या, ती झाली हॉर्सपॉवर. पण पहिलंच झाकण हलेना, तर तासाभराचा हिशोब काय चुलीत घालायचा?

पहिला गिअर टाकलात की तोच पीळ चाकापाशी वाढून पोचतो. वेग कमी, जोर जास्त. दोन्ही एकदम मिळत नाहीत. पण नाही! एवढी वर्षं बाजूला बसून मलाच अक्कल शिकवलीत—‘अगं, रखडतेस काय, वरचा गिअर टाक!’ टाका आता तुम्ही. हसू नका! या चढावरून आईंना डायलिसिसला कोण नेणार आहे आता? मी? मी नाही नेणार. का म्हणजे? कंटाळा आला म्हणून. तुमची आई, तुम्ही न्या. आईंचं ओझं? मुळीच नाही, त्यांच्याबद्दल अवाक्षर बोलू नका, त्या बिचाऱ्या परवाही मलाच धीर देत होत्या—कशाचा म्हणजे? तो सायकलवाला नाही का, उजवीकडून आला तो—तुम्ही ओरडलात म्हणून वाचला. माझं लक्ष नव्हतं असं म्हणाले मी. लक्ष होतं हो! समोरच बघत होते. दिसलाच नाही. त्या बाजूचं काहीच—डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, स्टीअरिंगला आता हात लावायचा नाही. म्हणून शिकवतेय, कळलं? हौस नाही मला!

असे माझ्याकडे बघू नका. समोर बघा. पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडा. आणि उजवीकडे कुणी आहे का, ते तुम्हीच बघा. मला विचारू नका.