सरासरी ढासळांक

(दवाखान्याच्या तळघरातली धुलाईची खोली. यंत्रं चालू आहेत, बायका कामात आहेत. अभियंता आणि धुलाईवाल्या बायकांची मुकादम मावशी आत, साहेब दारात.)

अभियंता : त्र्याऐंशी म्हणजे त्र्याऐंशीच. चोवीस तास यंत्र चिकटवलं होतं छताला.

साहेब : आकड्याला नाही कोण म्हणतंय, मॅडम? मी म्हणतो, इमारतीचा काढा. तुम्ही एकच खोली धरून बसलात.

मावशी : त्र्याऐंशी म्हणजे काय, ते मला कळेल असं सांगा. अकरा जणी आहेत माझ्या हाताखाली.

अभियंता : मावशी, छत पडायच्या आधी आतून कुरकुरतं. आपल्याला ऐकू येत नाही, यंत्राला येतं. ती कुरकुर म्हणजे ढासळांक. शून्य म्हणजे ठणठणीत, शंभर म्हणजे आलंच खाली. सत्तरच्या वर गेला की रिकामं करायचं, असा नियम आहे.

मावशी : मग आम्ही इथे काय करतोय?

साहेब : नियमात 'इमारत' लिहिलंय मावशी, 'खोली' नाही. आणि इमारत म्हटली की सगळंच आलं. नवा तपासणी विभाग, त्याचा नऊ. गाड्यांची शेड, सहा. पहारेकऱ्याची चौकी, चार. बेरीज करा, चाराने भागा. साडेपंचवीस.

मावशी : म्हणजे आमचं छत पहारेकऱ्याच्या चौकीने सावरून धरलंय.

साहेब : शास्त्रीय पद्धत आहे ती.

मावशी : असेल. वर कपाटात तीनशे धुतलेल्या चादरी आहेत, त्यात या रक्ताच्या पंचवीस सरकवून देते. सरासरीने स्वच्छच निघतील. तुमच्या सासूबाई दुसऱ्या मजल्यावर आहेत ना? बघू त्यांच्या खाटेवर कुठली येते.

साहेब : जपून बोला. सोमवारी समिती येतेय. धुलाई बंद दिसली तर दवाखान्याचा दर्जा गेला. मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा.

अभियंता : नाही करणार.

साहेब : आज अचानक एवढं सोवळं कुठून आलं? गेल्या वर्षी ग्रंथालयाला हीच सरासरी कोणी लावली? जिना अठ्ठ्याहत्तर होता. तुम्ही बागेची भिंत त्यात मिळवलीत आणि चाळीसवर आणलात. खऱ्या आकड्याचा कागद आहे माझ्याकडे.

मावशी : खरं का हो बाई?

अभियंता : खरं.

साहेब : पडला का तो जिना? नाही ना?

अभियंता : अजून नाही. शाळा सुटली की सगळी पोरं तिथेच जातात, माझी मुलगीही जायची पुस्तकं आणायला. तिचं कार्ड मी फाडून टाकलं. म्हटलं, तिथे धूळ असते, तुला शिंका येतात.

मावशी : आणि बाकीच्यांच्या लेकरांना काय सांगितलंत?

अभियंता : काही नाही.

मावशी : तेवीस वर्षं पू-रक्ताचे कपडे चोळतेय मी. कधी किळस आली नाही. आज आली.

अभियंता : मलाही येते. रोज. तो रस्ता टाळून जाते मी.

साहेब : रडगाणं पुरे. साडेपंचवीस लिहा.

अभियंता : आत या की साहेब. इथे टेबल आहे, खुर्ची आहे. या छताखाली बसून सांगा, मी लिहिते.

साहेब : आत फोनला रेंज येत नाही.

मावशी : ऐकलंत ना गं सगळ्यांनी? बंद करा यंत्रं. पिळायचे राहिलेत ते राहू देत तसेच. चला, बाहेर व्हा.

साहेब : कोणाच्या हुकमाने?

मावशी : सरका साहेब, दार अडवलंय तुम्ही. हं, चला. सात, आठ... तू मागे काय बघतेस? डबा राहिला तर राहू दे. दहा. अकरा. बाई, तुम्हीही निघा.

अभियंता : आलेच. हा घ्या साहेब. त्र्याऐंशी, खाली सही.

साहेब : ठीक. मग ग्रंथालयाचा कागदही वर जाईल आजच. तुमची नोकरी राहत नाही, सांगून ठेवतो.

अभियंता : पाठवा. फक्त चारच्या आत पाठवा. चारला शाळा सुटते.