रजिस्टरच्या आडचा मेल

हॅलो? लिफ्ट दुरुस्ती केंद्र, बोला…

अगं तू! आत्ता तर गेलीस इथून. डबा विसरलीस की काय?… मग?… जरा मोठ्याने बोल, बसचा आवाज केवढा येतोय… हो, हो, बसले खुर्चीवर. आणि ती खुर्ची आजही उंच ठेवून गेलीस हं. आठ वर्षं सांगतेय, शिफ्ट संपली की खाली करत जा, माझे पाय लोंबकळतात… काय?

कॉम्प्युटर? चालू आहे की… हो. तुझा मेल उघडाच आहे.

अगं ऐक ना… ऐक तर! नाही वाचला. शपथ घेऊ का?… आता वरची ओळ दिसली त्याला मी काय करू? डोळे मिटून थोडीच कामाला येते मी! 'दोनपैकी कोणती शिफ्ट चालू ठेवावी', एवढं दिसलं. तक्रारींचं रजिस्टर उचललं आणि स्क्रीनला टेकवून उभं केलं. अजून तसंच आहे…

आणि काय गं, ही चिठ्ठी इथे कोणी चिकटवली? 'उठण्यापूर्वी आपला मेल बंद करा, सबब चालणार नाही.' लाल शाईत. अक्षर कोणाचं?… हं. तुझंच.

तरीच तीन दिवस डोळे चुकवत होतीस. मला वाटलं, घरी काही झालं असेल…

म्हणजे हेड ऑफिसने तुला विचारलं. मला नाही… बरोबर, तू सीनियर… एकच शिफ्ट ठेवणार. एकच बाई. तू नाहीतर मी… बरं.

नाही, रागावले नाही. विचार करतेय. सकाळी सासूबाईंचं सगळं आवरून दुपारनंतर येता येतं म्हणून ही नोकरी टिकली माझी. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार मला?… तुझंही आहेच गं. तुझी मुलगी लहान आहे, माहीत आहे मला.

थांब, दुसरा फोन वाजतोय. धर हं…

हॅलो, लिफ्ट दुरुस्ती… अडकलात? कितव्या मजल्यावर?… एकटेच आहात? आजोबा, आधी खाली बसा बघू. वर जाळी आहे, दिसली? तिथून हवा येते. दार ओढू नका… पत्ता सांगा… आता मी वाचून दाखवते, चुकलं तर थांबवा… बरोबर? वीस मिनिटांत माणूस येतो. तोवर मी अधूनमधून फोन करत राहीन.

…आहेस ना? अजून एक मिनिट, मेकॅनिकला कळवते… निघाला. हं, बोल.

काय? पाठवायचाच राहिला? लिहून ठेवलास आणि बस दिसली म्हणून पळालीस. धन्य आहेस!… पाचच्या आत पोचायला हवा? आता चार वीस झालेत… मोबाइलवरून नाही का जमत?… हो, ऑफिसचा मेल बाहेर उघडत नाही, खरंच.

मग मी पाठवू?

अगं, न वाचता. रजिस्टर आहे ना मध्ये. जरासं वर सरकवते, खालचं 'पाठवा' एवढं बटण दिसलं की झालं… दिसलं. निळं आहे. बाकी काही दिसत नाही, अगदी खरं.

दाबू?… दाबते हं… अगं, बोल ना. हॅलो?… ऐकू येतंय का?

काय? नको?

का नको?…

अच्छा.

नाही, काही सांगू नकोस. कळलं मला. चांगलं लिहिलं असतंस तर 'नको' म्हणाली नसतीस… ऐक, बसमध्ये रडू नकोस. लोक बघत असतील. रुमाल काढ.

लायब्ररीच्या लिफ्टचं लिहिलंस ना?… वाटलंच. मी पत्ता चुकवला होता. मेकॅनिक भलत्याच इमारतीत, आणि माणसं इकडे तासभर आत. खरंच आहे ते, चूक माझीच. पण त्या दिवशी तूच सावरलंस सगळं. 'कोणाला कळणार नाही' असं तूच म्हणालीस. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते…

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप वाईट वाटलं.

नाही, डिलीट मी करणार नाही. तुझं लिहिलेलं तू पूस… काय? तू सांगणार आणि मी टाइप करणार? म्हणजे माझी स्तुती मीच लिहायची, तुझ्या नावाने? काहीतरीच तुझं!… आता का होईना, हसलीस.

ऐक. कुठवर पोचलीस?… मग पुढच्या स्टॉपवर उतर आणि समोरून परतीची बस पकड. पाचला दहा कमी असताना तरी पोचशील. खुर्चीवर बस, तुझ्या हाताने लिही. मी जिन्यात जाऊन उभी राहते.

आणि तुझा मेल मी आत्ता बंद करतेय… हो, आत्ताच. 'नक्की बाहेर पडायचं का' विचारतोय. हो बाबा, नक्की. झालं… आता तुझा पासवर्ड टाकल्याशिवाय तो उघडायचा नाही. मलासुद्धा नाही.

ए, सांगू नकोस! पासवर्ड अजिबात सांगू नकोस मला… अगं, विश्वास आहे म्हणून काय झालं? मीही माणूसच आहे. अर्धा तास इथे एकटी बसायचंय, आणि माझं नशीब त्या रजिस्टरच्या मागे. किती वेळ हात आवरला असता मी? बंद केला, बरं वाटलं बघ.

काय लिहायचं?… ते मला कशाला विचारतेस? लायब्ररीचं लिहावंसं वाटलं तर लिही, झालंच होतं ते. फक्त त्यानंतर मी प्रत्येक पत्ता वाचून दाखवते, तेही लिही. बाकी तुझं तू ठरव. मी विचारणार नाही. पाचनंतरही नाही.

उतरलीस? बस दिसतेय समोर?… मग पळ.

चल, ठेवते. आजोबांना फोन करायचाय, वाट बघत असतील…

हो गं, हो. खुर्ची तुझ्या उंचीला करून ठेवते. ये तू.